पोटातली चरबी नाकात: माझा फॅट ग्राफ्टिंगचा अनुभव

माझ्या नाकाची दांडी मुळाशीच बसकी आहे. म्हणजे दोन डोळ्यांच्या मधे जिथे चष्मा टेकायला हवा तिथे त्याला टेकायला काही नाहीच, आणि त्याच्या जरा खाली हाड वर आलेलं. समोरून कुणाच्या लक्षातही यायचं नाही पण बाजूने बघितलं की आधी खाच, मग टेकाड असा प्रकार. माझा नंबर मोठा, काचा जड, त्यामुळे दिवसभर बोटाने चष्मा वर ढकलणे हा कायमचा उद्योग होऊन बसला होता. आईचं म्हणणं, मग फ्रेम बदल की, त्यात नाकाला कशाला त्रास. पण खरं सांगायचं तर चष्मा हे निम्मं कारण, बाकीचं निम्मं ते बाजूने काढलेले फोटो.

ऑपरेशनचा विचार आधी केला नव्हता असं नाही. पण हाड तासणार, बाजूची हाडं तोडून जवळ आणणार, पूर्ण भूल, वरून स्प्लिंट म्हणजे नाकाला आधार देणारी कडक पट्टी, हे ऐकलं की विषय तिथेच बंद व्हायचा. मग कळलं की स्वतःच्याच अंगातली चरबी काढून ती नाकात भरतात, हाडाला कुणी हात लावत नाही, त्याच दिवशी घरी. म्हटलं जाऊन विचारायला काय हरकत आहे.

गेलो ते प्लास्टिक सर्जनकडेच. त्यांनी समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके, मान वर करून खालून असे सगळे फोटो काढले आणि नाकाबद्दल बोलायच्या आधी श्वासाबद्दल बरंच विचारलं, एक नाकपुडी बंद राहते का, घोरता का, लहानपणी मार लागला होता का. कारण आतला पडदा वाकडा असेल तर फॅटने त्याला काडीचा फरक पडत नाही, त्याला ऑपरेशनच लागतं. माझा श्वास व्यवस्थित होता. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं की यात आम्ही फक्त भर घालू शकतो, कमी काहीच करू शकत नाही. टेकाड आहे तिथेच राहणार, त्याच्या वरची खाच भरली की कपाळापासून शेंड्यापर्यंतची रेष सरळ दिसते आणि टेकाड त्या रेषेत मिसळून जातं. म्हणजे नाक खरं तर मोठं होतं आणि नजरेला मात्र सुबक वाटतं. ज्यांचं नाक आधीच मोठं किंवा रुंद आहे, नाकपुड्या पसरट आहेत, शेंडा जाड आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं तेव्हा मला जरा विश्वास वाटला.

मी म्हटलं मग साधा फिलर का नाही? हायलुरॉनिक ॲसिडचा फिलर म्हणजे एक प्रकारचं जेल, ते सुईने भरतात, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. त्यांनी दोन्हीचं मांडून सांगितलं. फिलर हळूहळू विरघळून जातो म्हणून परत परत भरावा लागतो, पण आकार आवडला नाही किंवा काही गडबड झाली तर हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचून तो विरघळवता येतो. फॅट जगलं तर कायमचं राहतं, आणि ते तसं लगेच विरघळवून पूर्ववत करणारं औषध नाही. जास्त झालं तर परत सुईने ओढून काढायचं नाहीतर कापून, आणि दोन्ही कटकटीचं. शिवाय फिलर किती भरला ते लगेच दिसतं, फॅटमधलं किती जगेल ते आधी कुणीच सांगू शकत नाही, ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत काहीही राहू शकतं.

आता डोळ्यांना असलेल्या धोक्याचं. हे मी जरा सविस्तर लिहितोय कारण जाहिरातींत "स्वतःचीच चरबी त्यामुळे शंभर टक्के सेफ" असं बिनधास्त लिहिलेलं असतं. स्वतःची चरबी म्हणजे ॲलर्जी होत नाही, शरीर ती परकी म्हणून बाहेर टाकत नाही, एवढंच. पण नाकाच्या दांडीवरून जाणारी एक बारीक धमनी थेट डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीची फांदी आहे, आणि गालाकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांशीही ती जोडलेली असते. सुईचं टोक चुकून त्या नळीत शिरलं आणि पिचकारी जोरात दाबली तर चरबी रक्ताच्या उलट दिशेने मागे ढकलली जाते, आणि दाब सोडला की रक्ताबरोबर पुढे वाहत डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत जाऊन अडकते. पडद्याला रक्त नसलं तर साधारण तासा-दीड तासात कायमचं नुकसान होतं असं मानतात. फिलर असेल तर निदान एन्झाइम टोचून प्रयत्न तरी करता येतो, चरबीत तेही नाही. २०१५ मध्ये त्वचारोगाच्या एका जर्नलमध्ये जगभरातल्या अशा ९८ केसेस एकत्र करून छापल्या होत्या, त्यातल्या जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये भरलेला पदार्थ होता स्वतःची चरबी, आणि जागांमध्ये सगळ्यात वर दोन भिवयांमधली जागा आणि त्याखालोखाल नाक. असे प्रकार क्वचित होतात हे खरंच, पण ९८ मधला एक होणाऱ्याला "क्वचित" या शब्दाचा काय उपयोग. मी हे वाचून परत डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारलं. ते चिडले नाहीत, वेळ देऊन समजावलं, की टोकदार सुई नाही तर बोथट कॅन्युला (बोथट टोकाची बारीक पोकळ सुई) वापरणार, दांडीच्या अगदी मध्यरेषेत आणि हाडाला चिकटून खोल राहणार कारण मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्या वरच्या थरात असतात, मागे येता येताच भरणार, एका वेळी थेंबभर, आणि भूल फक्त त्या जागेपुरती देणार म्हणजे तुम्हाला दिसतंय की नाही हे तुम्ही बोलून सांगू शकाल. याने धोका कमी होतो, शून्य होत नाही, हेही त्यांचंच वाक्य. कन्सेंट फॉर्मवर दृष्टी जाण्याचा उल्लेख वेगळा होता आणि त्याच्यासमोर वेगळी सही. कुणाच्या फॉर्मवर ते नसेल तर मी तरी तिथून उठेन.

बायकोला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली तुला करायचंच आहे तर कर, पण मला तिथे बाहेर बसू दे. बसली होती बिचारी.

आधीची तयारी फार नव्हती. रक्ताच्या तपासण्या, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर डॉक्टरांना विचारून बंद, माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद. सिगरेट ओढणाऱ्यांना ती बरेच आठवडे सोडायला लावतात कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि भरलेलं फॅट उपाशी मरतं. आणि वजन. त्या वेळी डाएटवर असाल तर आधी वजन एका जागी येऊ द्या असं सांगतात, कारण पोटातून आलेली चरबी नाकात गेली तरी ती पोटाचीच राहते, तुम्ही जाड झालात की तीही फुगू शकते, बारीक झालात की तीही आटते.

माझी अडचण वेगळीच होती, मी मुळात काडी पैलवान. मला वाटलं काढणार कुठून! डॉक्टरांनी बेंबीच्या बाजूला चिमटीत धरून बघितलं, मग मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, आणि हसून म्हणाले नाकाला लागते किती, दीड-दोन मिली, पुरून उरेल. काढताना जास्त काढतात कारण धुण्या-गाळण्यात बरीच कमी होते. शेवटी बेंबीखालची जागा ठरली.

प्रत्यक्ष दिवशी पहिलं काम उभं करून नाकावर पेनने खुणा. आडवं झाल्यावर चेहऱ्याची चरबी सरकते म्हणून खुणा नेहमी बसून किंवा उभं राहून करतात. मग एकेक डोळा झाकून भिंतीवरचा तक्ता वाचून घेतला आणि ते लिहून ठेवलं. मग पोट. बारीक सुईने आधी कातडी बधिर करून एक छोटंसं छिद्र, त्यातून सलाइनमध्ये भुलीचं औषध आणि ॲड्रेनलिन मिसळलेलं पाणी आत सोडलं. पोट टणक, गार आणि पांढरं पडलं. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून रक्त कमी येतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो, त्यामुळे थोडा वेळ नुसतं छताकडे बघत पडून राहायचं. मग कॅन्युला. दुखलं का? दुखलं नाही, पण जे काही वाटतं त्याला आपल्याकडे नीट शब्द नाही, आतून कुणीतरी गादी पिंजतंय असं, ओढ जाणवते, खरखर जाणवते, कधीतरी बधिर न झालेल्या कोपऱ्यात गेलं की चटका बसतो आणि तुम्ही हूं म्हणता आणि ते थांबतात. मशीन नव्हतं, साध्या सिरिंजचा दट्ट्या थोडासा मागे ओढून हाताने काढत होते, कारण जास्त ओढ दिली तर पेशी फुटतात आणि फुटलेल्या पेशी नाकात भरून काय करणार. अख्ख्या प्रकारात वेळखाऊ आणि थकवणारा भाग हाच, नाकाचं नाव सांगून आलेल्या माणसाचं पोटच जास्त कामाला लागतं.

मग त्या सिरिंज सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये, फिरवल्या. मला दाखवल्या, छान तीन थर झाले होते, वर फुटलेल्या पेशींचं पिवळं तेल, मधे चरबी, खाली लालसर पाणी. पाणी खालून सोडून दिलं, तेल टिपून घेतलं, मधला थर तेवढा एक एक मिलीच्या छोट्या सिरिंजमध्ये. तिथे असिस्टंटने विचारलं सर नॅनोफॅट पण करून घेता का, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना, उरलेलंच आहे. याची जाहिरात हल्ली सगळीकडे असते म्हणून सांगतो. नॅनोफॅट म्हणजे तीच चरबी दोन सिरिंजमध्ये जोरात इकडून तिकडे फिरवून इतकी फोडायची की पातळ होते, मग गाळायची. २०१३ मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. त्यात अख्ख्या चरबीच्या पेशी जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे ती कातडीचा पोत सुधारायला म्हणून देतात, भराव म्हणून नाही. नाकाची खाच नॅनोफॅटने भरून देतो असं कुणी सांगत असेल तर त्याला हे विचारा. मी नको म्हटलं, आधी नाकाचं होऊ दे.

नाकाचं काम त्यामानाने पटकन झालं. शेंड्याच्या खाली भुलीचं इंजेक्शन, ते मात्र सणसणीत, डोळ्यांतून पाणीच आलं. मग तिथूनच सुईने छिद्र करून बोथट कॅन्युला दांडीवरून वर मुळापर्यंत सरकवली. दुसऱ्या हाताच्या बोटांनी डॉक्टर डोळ्यांच्या कोपऱ्यांपाशी दोन्हीकडून दाबून धरत होते. कातडीखालून काहीतरी सरकतंय हे कळतं, दुखत नाही, पण हाडावर घासल्याचा आवाज डोक्याच्या आत येतो तो मला अजूनही आवडत नाही. प्रत्येक वेळी मागे येताना इवलासा थेंब. एकदम गोळा का भरत नाहीत तेही तेव्हाच विचारून घेतलं, मला बोलत ठेवायचंच होतं त्यांना. भरलेल्या चरबीला पहिले काही दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आजूबाजूच्या भागातून जे झिरपेल त्यावर ती जगते, आणि असं झिरपणं कडेच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंतच पोचतं. मोठा गोळा भरला तर मधली चरबी मरते, मग तिथे तेलाची गाठ होते नाहीतर ती कडक होते. मधूनमधून नर्स विचारत होती, दादा दोन्ही डोळ्यांनी दिसतंय ना, माझी बोटं किती. आधी जरा गंमत वाटली, मग ते ९८ आठवले आणि मी प्रत्येक वेळी नीट मोजून सांगितलं.

संपल्यावर आरसा दिला. नाक 'अवतार' सिनेमातल्या निळ्या माणसांसारखं, कपाळातून सरळ निघालेलं, मुळाशी जाड. त्यांनी आधीच बजावलं होतं की यात भुलीचं पाणी आहे, सूज आहे, आणि थोडं मुद्दाम जास्त भरलंय, यावरून काही ठरवू नका. तरी घरी येईपर्यंत गाडीच्या आरशात बघत होतो.

पहिल्या रात्री पोटाच्या छिद्रातून गुलाबी पाणी येत राहतं, चादरीखाली काहीतरी टाकून झोपा. पट्टा बांधून ठेवायचा. पोट आधी जांभळं, मग हिरवं, मग पिवळं, असं सगळे रंग दाखवून गेलं, आणि शिंकताना, अंथरुणातून उठताना पोटच दुखायचं. नाकाचं म्हणाल तर जडपणा सोडून काही नाही. डोळ्यांखाली थोडं काळंनिळं उतरलं. बर्फ पोटावर चालेल, नाकावर नको असं मला सांगितलं होतं, गारव्याने रक्तपुरवठा आकसायला नको म्हणून. उताणं झोपायचं, डोकं उंच, नाक चोळायचं नाही, दाबून बघायचं नाही (हे सगळ्यात अवघड), वाकून जड उचलायचं नाही. आणि घरी पाठवताना एक कागद दिला होता, की नाकाची कातडी पांढरी पडली, जाळीसारखी निळसर-जांभळी नक्षी दिसली, दुखणं वाढत गेलं किंवा नजरेत काहीही फरक वाटला तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करून निघा.

खरी गंमत चष्म्याची. ज्या चष्म्यासाठी हा खटाटोप तोच पुढचे काही आठवडे नाकावर ठेवायचा नाही, कारण त्याच्या दोन पॅडखाली नवीन चरबी दबली तर तिथे खड्डे पडतात. आणि मला चष्म्याशिवाय समोरच्या माणसाचं नाकसुद्धा दिसत नाही. पहिले काही दिवस चष्मा मधोमध पेपर टेपने कपाळाला टांगून फिरलो, म्हणजे फ्रेमचं वजन टेपवर आणि कानांवर. घरात ठीक आहे, फक्त घाम आला की टेप सुटते. पापण्यांची सूज उतरल्यावर कॉन्टॅक्ट लेन्स घालायला परवानगी मिळाली आणि जीव भांड्यात पडला. मोठा नंबर असलेल्या कुणी हे करायचं ठरवलं तर लेन्सची सवय आधीच करून ठेवा, डॉक्टर हे आधी सांगतीलच असं नाही कारण त्यांच्या दृष्टीने ती किरकोळ गोष्ट.

त्यापुढचे महिने हे माझ्या मते सगळ्यात वैतागाचे. सूज उतरली तेव्हा, म्हणजे तीनेक आठवड्यांनी, नाक अगदी मला हवं तसं दिसायला लागलं. बाजूने सरळ रेष, टेकाड गायब, अवतारही संपला. तिथेच थांबलं असतं तर काय हवं होतं. पण ते थांबत नाही. न जगलेली चरबी शरीर हळूहळू शोषून घेत राहतं, आणि दर आठवड्याला आरशात बघताना कळत नाही पण महिन्यापूर्वीचा फोटो शेजारी धरला की कळतं, खाच परत डोकावायला लागली. मग मधेच एखाद्या सकाळी जास्त वाटतं, म्हणजे झोपेतली सूज. बायकोने शेवटी सांगितलं की मला रोज विचारू नकोस, महिन्यातून एकदा विचार. तिसऱ्या महिन्यानंतर बदल मंदावला, आणि सहा महिन्यांच्या आसपास जे राहिलं ते राहिलं असं म्हणतात, माझं तसंच झालं. एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढत राहिलो म्हणून हे सांगू शकतोय. मोबाइल जवळ धरून काढलेल्या सेल्फीत कुणाचंही नाक असतं त्यापेक्षा मोठं दिसतं, तिच्यावरून काही ठरवायला जाऊ नका.

मधे दांडीच्या डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागायला लागली. दिसत नव्हती, फक्त लागत होती. सोनोग्राफी केली, छोटी तेलाची गाठ निघाली, म्हणजे त्या जागची चरबी जगली नाही. डॉक्टर म्हणाले वाढली नाही तर हात लावायचा नाही. वाढली नाही, पण अजून आहे.

आता हिशोब असा, की भरलं त्यातलं अंदाजे निम्मं राहिलंय. टेकाड पूर्वीसारखं उठून दिसत नाही, पण बाजूने नीट बघणाऱ्याला मुळाशी हलकी खाच दिसते. ऑफिसात कुणालाच काही कळलं नाही, एकाने फक्त नवीन चष्मा छान आहे म्हटलं, चष्मा जुनाच होता. तो पूर्वीपेक्षा कमी घसरतो, पण घसरतो. पोटावरचा डाग शोधावा लागतो.

शेवटच्या फॉलोअपला डॉक्टरांनी विचारलं, मुळाशी अजून अर्धा-पाऊण मिली भरून घेऊया का, बरेच पेशंट दुसऱ्यांदा करतात. मी विचारलं, या वेळी डोळ्याचा धोका पहिल्यापेक्षा कमी असेल का. ते म्हणाले नाही, उलट आधी भरलेल्या जागी आत थोडे व्रण झालेले असतात, कॅन्युला तितकी अलगद सरकत नाही, रक्तवाहिन्याही जागेवरून बाजूला हलत नाहीत, त्यामुळे जास्तच सांभाळून करावं लागतं. उरलेल्या त्या एवढ्याशा खाचेसाठी मी परत तो तक्ता वाचायला बसणार नाही असं सांगून आलो, आणि येताना जरा हलकी फ्रेम टाकायला दिली.